न्या. छागला : मतभेदाची किंमत

वसईत पोर्तुगीजांचा विषय निघाला की बोट आपोआप किल्ल्याकडे जाते. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांच्या हवाली केली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, एवढा इतिहास इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतो. पण आपल्याच पालघर जिल्ह्याला लागून, तलासरीच्या पलीकडे, नगर हवेलीत पोर्तुगीजांचा अंमल १९५४ पर्यंत टिकून होता, हे फारसे कुणाच्या लक्षात नसते. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वयंसेवकांच्या तुकड्यांनी आणि वारली शेतकऱ्यांनी तो संपवला. पोर्तुगाल गप्प बसला नाही. डिसेंबर १९५५ मध्ये त्याने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारतावर दावा लावला. दमणहून दादरा आणि नगर हवेलीत जाण्यासाठी भारताच्या हद्दीतून वाट मिळण्याचा आपल्याला हक्क आहे, असा तो दावा होता.

गंमत अशी, की या दाव्याच्या मुळाशी पेशव्यांचे कागद होते. १७७९ च्या तहात पेशव्यांनी पोर्तुगीजांना बारा हजार रुपये वसुलाची गावे देऊ केली होती. ती गावे राज्य म्हणून दिली की नुसता वसूल दिला, हा वादाचा मुद्दा. म्हणजे 'जहागीर' आणि 'सरंजाम' या आपल्या शब्दांचा कीस हॉलंडमध्ये पाडला जात होता. एप्रिल १९६० मध्ये निकाल लागला. मराठ्यांनी दिला तो फक्त वसूल, सार्वभौमत्व नव्हे, असे न्यायालयाने मानले. पुढे इंग्रजांच्या काळात पोर्तुगीजांचा ताबा मान्य होत गेला, म्हणून खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि माल यांच्यापुरता वाटेचा हक्क मान्य झाला; सैन्य, पोलीस आणि हत्यारे यांच्यासाठी तो नाकारला गेला. भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

या खटल्यात भारताने नेमलेले तदर्थ न्यायाधीश म्हणून जे गृहस्थ बसले होते, ते मुंबईचे खोजा मुसलमान होते. महंमदअली करीम छागला त्यांचे नाव.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला या माणसाचे कुतूहल फार पूर्वीपासून आहे. त्याचे एक कारण असे, की आमच्या मोहल्ल्यात त्यांचे नाव कौतुकाने घेतलेले मी लहानपणी कधी ऐकले नाही. 'सरकारी मुसलमान' या दोन शब्दांत त्यांची बोळवण होत असे. अब्बांना विचारले, तर ते एवढेच म्हणत, "मोठा माणूस होता, पण आपला नव्हता." मोठा कसा आणि आपला का नव्हता, हे मात्र कुणी सांगत नसे. पुढे त्यांचे 'रोझेस इन डिसेंबर' हे १९७३ साली आलेले आत्मचरित्र वाचले, त्यांचे निकाल वाचले, आणि लक्षात आले की 'आपला नव्हता' ही तक्रार त्यांच्याबद्दल फक्त आमच्या मोहल्ल्याची नव्हती. मुस्लिम लीगची तीच तक्रार होती आणि पुढे काँग्रेसचीही तीच झाली. ज्या ज्या घरात हा माणूस राहिला, त्या त्या घराला तो कधी ना कधी परका वाटला.

छागलांचा जन्म ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईत, एका सधन इस्माईली खोजा व्यापारी कुटुंबात झाला. पाच वर्षांचे असताना आई गेली. घराण्यात चालत आलेले आडनाव 'मर्चंट'. ते त्यांना नकोसे वाटे. एका पूर्वजाला घरात लाडाने 'छागला' म्हणत. कच्छीत त्याचा अर्थ लाडका. तेच त्यांनी आडनाव म्हणून उचलले. सेंट झेवियर्समध्ये शिक्षण झाल्यावर ते ऑक्सफर्डला गेले, तिथे इतिहास शिकले, हिंदी विद्यार्थ्यांच्या मजलिसचे अध्यक्ष झाले आणि १९२२ साली बॅरिस्टर होऊन परतले.

मुंबईच्या वकिलीत त्यांना पहिला आसरा मिळाला तो बॅ. महंमदअली जीना यांच्या चेंबरमध्ये. हे जीना पुढच्या काळातले नव्हेत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. लोकमान्य टिळकांची १९१६ सालची केस लढून जिंकणारे आणि त्याच वर्षी लखनौ करार घडवण्यात पुढाकार घेणारे हे जीना होते. तरुण छागलांच्या दृष्टीने राष्ट्रवादी मुसलमान म्हणजे काय, याचे उत्तर त्यांच्या डोळ्यांसमोर वावरत होते. सहा-सात वर्षे ते जीनांच्या सावलीत राहिले. कामे मिळत नव्हती, हात तंग होता, पण राजकारणाची दिशा ठरली होती आणि ती लीगमधून जात होती.

ही सावली सुटली १९२८ साली. प्रसंग समजून घेण्यासारखा आहे. १९०९ पासून मुसलमानांसाठी स्वतंत्र मतदारसंघ होते; मुसलमान उमेदवाराला फक्त मुसलमानांनी मत द्यायचे. सायमन कमिशनवर बहिष्कार घातल्यावर हिंदी पक्षांनी स्वतःच एक घटना लिहून दाखवायचे ठरवले. मोतीलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली तो अहवाल तयार झाला. त्यात स्वतंत्र मतदारसंघ काढून संयुक्त मतदारसंघ सुचवले होते आणि अल्पसंख्याकांना लोकसंख्येच्या प्रमाणात राखीव जागा दिल्या होत्या. पंजाब आणि बंगालमध्ये मात्र राखीव जागा नव्हत्या. ऑगस्ट १९२८ मध्ये लखनौला सर्वपक्षीय परिषद भरली, तेव्हा जीना विलायतेत होते. छागलांनी लीगच्या वतीने अहवालाला संमती देऊन टाकली. तेव्हा त्यांचे वय होते अवघे सत्तावीस.

जीना परतले ते संतापूनच. लीगच्या वतीने होकार देण्याचा अधिकार तुला कुणी दिला, असा त्यांचा सवाल होता. छागलांनी आत्मचरित्रात हा प्रसंग लपवलेला नाही, आणि माझ्या मते जीनांचा सवाल रास्तच होता. पक्षाचा एक तरुण कार्यकर्ता नेत्याच्या गैरहजेरीत पक्षाला एवढ्या मोठ्या प्रश्नावर बांधून टाकतो, हे कोणत्याच पक्षात चालणार नाही. पण छागलांचे म्हणणे वेगळ्या पातळीवरचे होते. स्वतंत्र मतदारसंघ मुसलमानांना सुरक्षित ठेवत नाहीत, एकटे पाडतात, अशी त्यांची खात्री झाली होती. हिंदूंच्या मताची गरज नसलेला मुसलमान पुढारी हिंदूंशी बोलायला शिकत नाही, आणि मुसलमानाच्या मताची गरज नसलेला हिंदू पुढारीही तसाच घडतो. डिसेंबरात कलकत्त्याच्या परिषदेत जीनांनी सुचवलेल्या दुरुस्त्या फेटाळल्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांचे चौदा मुद्दे आले. गुरू एका वाटेने गेला, शिष्य दुसऱ्या. ज्याच्या चेंबरमध्ये बसून वकिली शिकायची, त्याच्यापासूनच फारकत घ्यायची, आणि तीही वकिलीत अजून पाय रोवले नसताना! या एका गोष्टीसाठी तरी मोहल्ल्याने त्यांना 'सरकारी' म्हणायला नको होते. तेव्हा सरकार इंग्रजांचे होते आणि इंग्रजांना स्वतंत्र मतदारसंघच हवे होते.

१९४१ साली ते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १५ ऑगस्ट १९४७ रोजी मुख्य न्यायाधीश. त्या खुर्चीवर कायमचा बसलेला पहिला हिंदी माणूस तो हा. त्याच सुमारास त्यांचे जुने गुरू कराचीत पाकिस्तानचे गव्हर्नर जनरल झाले होते. मुंबईत राहिलेल्या हजारो मुसलमानांच्या मनात त्या दिवसांत आपले इथे काय होणार ही धास्ती होती, आणि राज्याच्या सर्वोच्च न्यायासनावर एक मुसलमान बसला होता. त्या एका दृश्याने किती जणांना धीर दिला असेल, याचा हिशेब कुठल्या कागदात सापडणार नाही.

अकरा वर्षांच्या त्या कारकिर्दीतल्या दोन गोष्टी मला सांगायच्या आहेत. पहिली टिळकांची. १९०८ साली ज्या कोर्टात टिळकांना राजद्रोहासाठी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्याच कोर्टाच्या बाहेर टिळकांचे शिक्षेआधीचे उद्गार कोरलेली शिळा १९५६ साली बसवली गेली. तिचे अनावरण मुख्य न्यायाधीश छागलांनी केले. आपल्याच न्यायालयाने एकेकाळी चूक केली, हे त्या न्यायालयाच्या भिंतीवर लिहून ठेवायला न्यायाधीशाचे मन मोठे लागते.

दुसरी गोष्ट १९५१ च्या नरसू अप्पा माळी खटल्याची. मुंबई प्रांताने १९४६ साली हिंदूंच्या बहुपत्नीत्वाला बंदी करणारा कायदा केला होता. मुसलमानाला चार बायका चालतात आणि हिंदूला एकच, हा भेदभाव घटनेच्या विरुद्ध आहे, असा युक्तिवाद झाला. छागला आणि गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाने तो नाकारला. सरकारला सुधारणा टप्प्याटप्प्याने करता येते, सगळ्या समाजांना एकाच दिवशी हात घातला पाहिजे असे नाही, असे त्यांनी म्हटले. व्यक्तिगत कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर घासून रद्द करता येणार नाहीत, हेही याच निकालाने सांगितले.

आता यातली खोच पाहा. समान नागरी कायदा व्हावा, असे छागलांचे स्वतःचे मत होते. ते त्यांनी नंतर व्याख्यानांतून उघड मांडले. आपल्या समाजातली बहुपत्नीत्वाची मोकळीक त्यांना मुळीच पसंत नव्हती. न्यायासनावर बसून एका फटक्यात तिला धक्का लावण्याची संधी समोर चालून आली होती. ती त्यांनी घेतली नाही. हे काम न्यायाधीशाचे नाही, विधिमंडळाचे आहे, असे त्यांनी मानले. स्वतःच्या आवडीच्या विरुद्ध निकाल द्यायला लागतो तो विवेक मला त्यांच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठा वाटतो. २०१७ च्या तिहेरी तलाकच्या खटल्यातही हा निकाल चर्चेला आला आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयात शंका घेतली गेली. सत्तर वर्षांनंतरही ज्याच्याशी भांडावे लागते, तो निकाल साधा नसतो.

१९५८ च्या जानेवारीत मुंद्रा प्रकरणाची चौकशी त्यांच्याकडे आली. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंद्रा याच्या कंपन्यांत सुमारे सव्वा कोट रुपये गुंतवले होते आणि फिरोज गांधींनी लोकसभेत ते चव्हाट्यावर आणले होते. छागलांनी चौकशी बंद दाराआड न करता लोकांसमोर केली. गर्दी इतकी, की बाहेर ध्वनिक्षेपक लावावे लागले. काही आठवड्यांत अहवाल तयार झाला. खात्याच्या सचिवाने केलेल्या कामाची जबाबदारी मंत्र्याला झटकता येणार नाही, असा त्याचा निष्कर्ष होता, आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांना जावे लागले. नेहरूंना हे मनापासून रुचले नव्हते, तरी अहवाल दाबला गेला नाही.

पण इथेच छागलांच्या आयुष्यातली एक उणी बाजूही येते, आणि ती झाकून ठेवली तर हा लेख आरती होईल. त्याच सुमारास मोतीलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाचे छागला सदस्य होते. निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पदे घेऊ नयेत, अशी शिफारस त्या आयोगाने केली. आणि त्याच १९५८ साली छागला न्यायासनावरून उठून अमेरिकेत भारताचे राजदूत म्हणून गेले. पुढे लंडनला उच्चायुक्त झाले, मग मंत्री. सेटलवाड यांनी आपल्या आत्मचरित्रात याबद्दल नापसंती नोंदवली आहे, आणि तिला उत्तर देणे अवघड आहे. दुसऱ्यांना घालून दिलेला नियम त्यांनी स्वतः पाळला नाही. विवेकाने चालणारा माणूस दररोज विवेकानेच चालतो असे नाही. खुर्चीची ओढ त्यालाही असते.

नोव्हेंबर १९६३ मध्ये नेहरूंनी त्यांना शिक्षणमंत्री केले आणि छागला काँग्रेसच्या राजकारणात आले. काश्मीरच्या प्रश्नावर १९६४ साली सुरक्षा समितीत भारताची बाजू मांडायला तेच गेले. समोर पाकिस्तानचे झुल्फिकार अली भुत्तो होते. भारतीय मुसलमानाच्या तोंडून भारताची बाजू ऐकणे पाकिस्तानला बोचणारच होते. आपल्याकडे मात्र काही जण कुजबुजत, की मुसलमान म्हणूनच त्यांना पाठवले. असेलही. पण जे ते तिथे बोलले, ते १९२८ पासून बोलत आले होते.

मोहल्ल्यातली कटुता सुरू झाली ती अलीगढवरून. १९६५ च्या एप्रिलमध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठात प्रवेशाच्या प्रश्नावरून दंगल झाली आणि कुलगुरू नवाब अली यावर जंग यांच्यावर हल्ला झाला. छागलांनी वटहुकूम काढून विद्यापीठाच्या कोर्टाचे अधिकार काढून घेतले. मग तसा कायदाच झाला. विद्यापीठ १९२० च्या कायद्याने स्थापन झाले आहे, ते मुसलमानांनी स्थापले असे म्हणता येत नाही, ही भूमिका त्यांनी संसदेत मांडली. देशभरचे मुसलमान खवळले. सर सय्यद अहमद यांच्या कॉलेजापासून चालत आलेली, समाजाने पै-पैसा जमवून उभी केलेली संस्था, आणि ती तुमची नाही असे सांगणारा मंत्रीही मुसलमानच! ऑक्टोबर १९६७ मध्ये अझीज बाशा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका उचलून धरली.

मला या बाबतीत छागला चुकले असे वाटते. एखादी संस्था कायद्याच्या कागदावर कधी जन्मली, एवढ्यावरून ती कुणी वाढवली ते ठरत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी अझीज बाशाचा तो तर्क मोडीत काढला आणि अलीगढच्या दर्जाचा प्रश्न दुसऱ्या पीठाकडे सोपवला. म्हणजे जवळपास साठ वर्षांनी का होईना, मोहल्ल्याच्या रागात कायद्याच्या दृष्टीनेही तथ्य होते हे दिसले. दुखापत मात्र त्याहून खोल होती. नरसू अप्पा माळीच्या वेळी जो माणूस म्हणाला होता की समाजाला वेळ द्यावा, त्याने इथे वेळ दिला नाही. न्यायासनावर असताना जो हात आवरला, तो मंत्रिपदावर आवरला नाही. सत्ता हाती असताना आपल्याच लोकांशी मतभेद दाखवणे सोपे असते. त्यात किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

किंमत स्वतः मोजायची वेळ लगेच दोन वर्षांनी आली. नोव्हेंबर १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांना परराष्ट्रमंत्री केले होते. जून १९६७ च्या युद्धात त्यांनी अरबांची बाजू ठामपणे मांडली. मोहल्ल्याला हे आठवत नाही. त्याच उन्हाळ्यात नवे शिक्षणमंत्री त्रिगुण सेन यांनी पाच वर्षांत सगळ्या पातळ्यांवर, विद्यापीठांतसुद्धा, प्रादेशिक भाषांतून शिक्षण सुरू करण्याचे धोरण आणले. छागलांचा त्याला विरोध होता. बदल हवा तर सावकाश करा, पुस्तके आणि शिक्षक आधी तयार करा, निदान विद्यापीठे आणि न्यायालये यांना जोडणारी एक भाषा राहू द्या, नाहीतर एका राज्याचा विद्वान दुसऱ्या राज्यात मुका होईल, असे त्यांचे म्हणणे. मंत्रिमंडळाने ऐकले नाही. सप्टेंबर १९६७ मध्ये छागला मंत्रिमंडळातून बाहेर पडले. वय सहासष्ट. परराष्ट्र खाते हातात. शिक्षण खाते आता त्यांचे नव्हतेसुद्धा! पण मंत्रिमंडळाचा निर्णय सगळ्या मंत्र्यांचा असतो, आणि मनातून न पटलेल्या निर्णयाचे ओझे घेऊन जगात देशाचे प्रतिनिधित्व करायचे, हे त्यांना जमले नाही.

हे लिहिताना मला थोडे अवघडल्यासारखे होते, कारण मराठी मुसलमान म्हणून मी इथे त्यांच्या विरुद्ध बाजूला उभा आहे. मी मराठी शाळेत शिकलो. उर्दू आमच्या घरी कुराणाच्या कपाटात असे, तोंडात नसे. आमच्या कोकणी-मराठी मुसलमानांना नोकरी, साहित्य आणि शेजार जो काही मिळाला, तो मराठीतून. ज्ञानाची दारे मराठीतून उघडावीत, ही आमच्या पिढीची आस होती, आणि छागला त्या दाराच्या आड उभे राहिले, असे आम्हाला वाटत आले. पुढे पाच वर्षांत बदल झालाच नाही. आज वसई-विरारमधला मराठी बाप मुलाला इंग्रजी शाळेत घालण्यासाठी रांग लावतो. छागलांना भीती होती ते झाले नाही, आम्हाला हवे होते तेही झाले नाही.

तरीही त्या राजीनाम्याचे मोल मला कमी वाटत नाही. ते परराष्ट्र खात्यात बसून राहिले असते, तर कुणी बोट दाखवले नसते. राजकारणात मतभेद असलेले लोक पैशाला पासरी मिळतात. बहुतेक जण आतल्या आत कुरकुरतात, मर्जीतल्या पत्रकाराच्या कानात बोलतात आणि मंत्रिमंडळाच्या बैठकीत मान डोलावतात. छागला कारण जाहीर करून बाहेर आले आणि पुन्हा काळा कोट घालून सर्वोच्च न्यायालयात वकिली करू लागले.

त्यानंतरचा माणूस अधिक मोकळा दिसतो. १९७३ साली तीन ज्येष्ठ न्यायाधीशांना डावलून सरन्यायाधीश नेमला गेला, तेव्हा त्यांनी उघड निषेध केला. आणीबाणी आली तेव्हा ते पंचाहत्तरीला पोहोचले होते. ऑक्टोबर १९७५ मध्ये अहमदाबादला नागरी स्वातंत्र्याची परिषद भरली, तिथे ते बोलले. त्या परिषदेचा वृत्तान्त छापला म्हणून 'भूमिपुत्र' या सर्वोदयी पत्रावर कारवाई झाली. मुंबईत वकिलांच्या खाजगी सभेत ते बोलणार होते, तर पोलीस आयुक्तांनी सभेलाच मनाई केली. ती मनाई मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवली. जिथे ते अकरा वर्षे मुख्य न्यायाधीश होते, तेच न्यायालय त्यांच्या बोलण्याच्या हक्कासाठी उभे राहिले. ज्या इंदिरा गांधींच्या मंत्रिमंडळात ते बसले होते, त्यांच्याच राजवटीविरुद्ध ते बोलत होते, आणि तेव्हा बोलणाऱ्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

डिसेंबर १९८० मध्ये भारतीय जनता पक्षाचे पहिले अधिवेशन मुंबईत भरले, तिथेही ते पाहुणे म्हणून गेले आणि अटलबिहारी वाजपेयींची त्यांनी तोंड भरून स्तुती केली. इंदिरा गांधींना पर्याय हवा, ही त्यामागची तळमळ असावी. पण १९२८ साली जमातवादाला ओळखून दूर झालेल्या माणसाने तिथे जाऊन नेमके काय पाहिले, हे कोडे मला सुटलेले नाही. आमच्या मोहल्ल्याला तर त्या दिवशी आपले जुने मत खरे ठरल्यासारखे वाटले.

दोन महिन्यांतच, ९ फेब्रुवारी १९८१ रोजी, छागलांचे मुंबईत निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचे दफन न होता दहन झाले. चार वर्षांपूर्वी, मे १९७७ मध्ये, हमीद दलवाईंचेही असेच झाले होते. दलवाई कोकणच्या मातीतले, मराठीत लिहिणारे, रस्त्यावर उतरणारे. छागला मलबार हिलचे, इंग्रजीत विचार करणारे. दोघांची वाट वेगळी, शेवट मात्र सारखा. मी पाच वक्तांची नमाज पढणारा माणूस आहे, आणि आपल्या मातीला माती मिळावी असेच मला वाटते. छागलांची श्रद्धा किती आणि कोणती, हे ठरवणारा मी कोण? ते खोजा घरात जन्मले, आपले पूर्वज हिंदू होते हे अभिमानाने सांगत, आणि मुसलमान असण्याची लाज त्यांनी कधी धरली नाही. कर्मकांड त्यांनी सोडले होते. पण ज्या गोष्टीवर विश्वास ठेवला, तिच्यासाठी आधी गुरू सोडला आणि म्हातारपणी मंत्रिपद सोडले. ईमान या शब्दाचा एक अर्थ आपल्या भाषेत इमानही होतो, हे विसरू नये.

आज समान नागरी कायद्याचा वाद पुन्हा तापला आहे. उत्तराखंडाने २०२४ साली तसा कायदा केला. या वादात छागलांचे नाव घेतले जाते ते सोयीप्रमाणे. कायद्याच्या बाजूचे लोक त्यांची व्याख्याने काढतात, विरोधातले १९५१ चा निकाल काढतात. दोन्ही त्यांचेच आहे. निम्मा छागला उचलून उरलेला टाकून देणे कुणालाच शोभणारे नाही, आणि आमच्या मोहल्ल्याने तर अख्खा माणूसच टाकून दिला होता.

माझी त्यांच्याबद्दलची बाकी अशी निघते. लखनौत ते बरोबर होते, फक्त घाईत होते. अलीगढच्या बाबतीत चुकले. भाषेच्या बाबतीत माझे आणि त्यांचे पटणार नाही. राजदूतपद त्यांनी घ्यायला नको होते, आणि त्या अधिवेशनाला जायला नको होते. एवढे सगळे लिहून झाल्यावरही, पक्षात राहून 'मला हे पटत नाही' असे मोठ्याने म्हणणारा आणि न ऐकल्यास दार लावून जाणारा दुसरा मुसलमान मंत्री शोधायला बसलो, तर मला फार वेळ लागतो. आपल्याला पटणाऱ्या माणसाच्या विवेकाचे कौतुक करणे फारसे अवघड नसते. न पटणाऱ्याचे करता आले, तर समाज वयात आला म्हणायचा.

कधी कामानिमित्त विरार लोकलने चर्चगेटला उतरलो, की मी चालत उच्च न्यायालयाकडे जातो. तिथे छागलांचा पुतळा १९८५ पासून उभा आहे, आणि त्याच इमारतीत टिळकांची ती शिळाही आहे. पक्षकार, कारकून, वकील लगबगीने पुढून जातात; फार थोडे वर पाहतात. मागच्या खेपेला माझा पुतण्या बरोबर होता. तो कायद्याच्या पहिल्या वर्षाला आहे. पुतळ्याखालचे नाव वाचून त्याने विचारले, "काका, हे आपल्यातले?"

अब्बांचे उत्तर मला आठवले. मी म्हणालो, "हो, आपल्यातलेच. चल, गाडीत सांगतो. विरार येईपर्यंत पुरेल."